कापून शिवलेले पोलके

पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यालगतच्या बेटांवर वस्ती करून राहिलेल्या गुना लोकांच्या भाषेत ‘मोला’ म्हणजे कापड. परंतु पाठीला आणि पोटाला एकेक चित्रमय तुकडा जोडलेले तिथल्या स्त्रियांचे बहुरंगी पोलकेही त्याच नावाने ओळखले जाते. आपल्याकडच्या आजीबाई गोधडीत थरावर थर घालीत ते उबेसाठी. गुना स्त्री थर रचते ते कापण्यासाठी. लाल, काळी, नारिंगी अशी सुती कापडे एकावर एक ठेवून कच्च्या दोऱ्याने टाचली, की अणकुचीदार कात्रीने ती वरचा थर तेवढाच चिरते, चिरेची कड सुईच्या टोकाने आत मुडपते आणि कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने इतके बारीक टाके घालते, की अखेर नजरेला शिवण लागत नाही, चिरेतून वर आलेला खालचा रंग तेवढा रेषा होऊन दिसतो. पाठीचा आणि पोटाचा तुकडा जोडीचा असला तरी हुबेहूब एकसारखा नसतो. एखादा रंग, एखादे वळण बदललेले सापडतेच.

या कलेस अतिप्राचीन म्हणण्याचा मोह प्रवाशांना होतो, तो मला मान्य नाही. अंगावर रंगाने काढण्याच्या आकृती कापडावर आल्या त्या परदेशी व्यापाऱ्यांचे कापड, सुया आणि कात्र्या आल्यानंतर. आज दिसते ते पोलके एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या फारसे मागे जात नाही. चक्रव्यूहासारख्या भौमितिक नक्षीच्या शेजारी जाहिरातींतली चित्रेही या बायकांनी निःसंकोच बसवली.

आणि तरीही याच उसन्या कापडाच्या वेषापायी बंड झाले! पनामा सरकारच्या अंमलदारांनी बायकांची नथ, हातापायांवरचे मण्यांचे वेढे आणि मोला सोडवण्याचा हुकूम चालवला, तेव्हा नेले कांतुले आणि सिमराल कोलमन यांच्या नेतृत्वाखाली 1925 च्या फेब्रुवारीत गुनांनी पोलीस ठाण्यांवर हल्ले चढवले. मार्चमध्ये अमेरिकन युद्धनौकेवर तह झाला, आणि सरकारने त्यांच्या रीतिरिवाजांत हात न घालण्याचे कबूल केले.

आता पर्यटकांसाठी घाईने शिवलेले तुकडेही बाजारात मिळतात. जाणता गिऱ्हाईक मात्र वापरलेलाच तुकडा शोधतो: उन्हाने विटलेला लाल रंग, आणि पोलक्यापासून उसवून काढल्यावर कडेने राहिलेली सुईच्या भोकांची ओळ.