तोलाची परीक्षा

म्हैसूर शहरात मानसगंगोत्री या विद्यापीठ-परिसरालगत अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. १९६५ साली तिचे कार्य सुरू झाले आणि १९६६ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही स्वायत्त संस्था बोलण्याचे आणि ऐकण्याचे दोष तपासते व त्यांवर उपचार करते, हे तिच्या नावावरूनच कळते. तथापि तिच्या श्रवणविज्ञान विभागाकडे येणाऱ्यांत काही माणसे अशी असतात, की ज्यांना ऐकू चांगले येते आणि बोलताही चांगले येते. त्यांची तक्रार निराळीच असते. अंथरुणात कूस बदलली की घर फिरू लागते, अंधारात चालताना पाय भलतीकडेच पडतो, किंवा जिना उतरताना कठडा सोडण्याचे धैर्य होत नाही, असे ते सांगतात. तोल जाणाऱ्या माणसाला कानाच्या तज्ज्ञाकडे का पाठवावे, असा प्रश्न त्याच्या नातलगांना पडल्यास त्यात नवल नाही.

या प्रश्नाचे उत्तर कवटीच्या एका हाडात दडलेले आहे. कानशिलाच्या हाडाच्या आत, जेथे बोटाचे टोकही मावणार नाही एवढ्या पोकळीत, दोन इंद्रिये शेजारी शेजारी नांदतात. त्यांतले एक गोगलगाईच्या शंखासारखे असून ते ऐकण्याचे काम करते. दुसऱ्यात एकमेकींशी काटकोन करून बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. डोके कोणत्याही दिशेने वळले की नलिकांतील द्रव मागे रेंगाळतो आणि तेथील केसासारख्या पेशी वाकतात. पिशव्यांमध्ये चुन्याचे सूक्ष्म स्फटिक एका चिकट पापुद्र्यावर बसलेले असतात. डोके कलले किंवा शरीर वेगाने पुढे गेले, की त्यांचे ओझे सरकते आणि खाली कोणती व वर कोणती बाजू हे मेंदूला कळते. दोन्ही इंद्रियांचे निरोप एकाच मज्जातंतूने, मेंदूच्या आठव्या तंतूने, पुढे जातात. घर एक आणि वाटही एक असल्यामुळे एकाचे दुखणे पुष्कळदा दुसऱ्यालाही भोवते.

परंतु तोल केवळ कानावर अवलंबून असतो असे समजणे चुकीचे ठरेल. डोळे आपल्याला क्षितिज, भिंत, दाराची चौकट दाखवीत असतात. तळपायाची त्वचा, घोट्याचे सांधे आणि पायांचे स्नायू जमिनीची खबर पोहोचवतात. या तिन्ही बातम्या मेंदू जुळवून पाहतो आणि अनुमस्तिष्काच्या मदतीने स्नायूंना हुकूम सोडतो. एक बातमीदार आजारी पडला तरी उरलेले दोघे त्याची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात. त्यामुळे दोष असूनही माणूस भर दुपारी सपाट रस्त्यावर निर्धास्त चालतो आणि त्याला स्वतःलाही त्या दोषाचा पत्ता नसतो. तोलाच्या बहुतेक परीक्षांची युक्ती यावरूनच सुचलेली आहे. एकेक आधार जाणूनबुजून काढून घ्यावयाचा आणि उरलेल्या आधारांवर माणूस किती वेळ टिकतो ते पाहावयाचे.

पहिली परीक्षा मात्र शब्दांची असते. मराठीत ‘चक्कर आली’ या दोन शब्दांत किती निरनिराळे अनुभव कोंबलेले असतात! कोणाला भोवतालचे जग गरगर फिरताना दिसते, कोणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, कोणाला भोवळ येऊन शुद्ध हरपल्यासारखे वाटते, तर कोणाचा नुसता झोक जातो आणि डोके अगदी स्वच्छ असते. म्हैसूरकडील रुग्ण कन्नडमध्ये ‘तलेसुत्तु’ म्हणतो, म्हणजे डोके फिरणे. पण त्याच्याही मनात यांपैकी नेमके काय आहे ते उलटसुलट विचारल्याशिवाय उमगत नाही. गरगरणे बहुधा कानाकडे बोट दाखवते, उठताक्षणी येणारी अंधारी रक्तदाबाकडे, आणि डोके शांत असता जाणारा झोक पायांच्या तंतूंकडे किंवा मेंदूकडे. हा प्रश्न घाईने उरकला, तर पुढील यंत्रे फारशी कामाला येत नाहीत.

यंत्रांवाचून होणाऱ्या परीक्षांमध्ये सर्वांत जुनी आणि आजही रोज वापरली जाणारी परीक्षा बर्लिनचे वैद्य मोरित्झ रोंबेर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. १८४० ते १८४६ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या मज्जारोगांवरील ग्रंथात त्यांनी उपदंशामुळे मज्जारज्जू झिजलेल्या रुग्णांचे वर्णन केले. अशा रुग्णाला पाय जुळवून उभे केले आणि डोळे मिटण्यास सांगितले, की तो लगेच डोलू लागतो; अंधारात त्याची चाल अधिकच बिघडते. पायांकडून येणारी बातमी तुटलेली असल्यामुळे तो आतापर्यंत डोळ्यांच्या जोरावर उभा होता. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. डोळे उघडे असतानाही जो डोलतो, त्याचा दोष अनुमस्तिष्कात असण्याचा संभव असतो. त्याला या परीक्षेचे लक्षण लागू पडत नाही. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटल्यावर अस्थिर, हा फरकच येथे अर्थपूर्ण आहे.

रोंबेर्ग यांच्या काळातील तो रोग आता क्वचितच दिसतो, पण त्याची जागा मधुमेहाने घेतली आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपाय बधिर होतात. असा माणूस न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटतो, पायाखालची फरशी ओली असते, आणि त्याच क्षणी तो कोसळतो. त्या अपघाताचे खापर सहसा निसरड्या फरशीवर फुटते. दवाखान्यात त्याच्या पायाच्या अंगठ्यावर कंप पावणारा ध्वनिकाटा ठेवून कंप जाणवतो का हे विचारले असते, आणि क्षणभर डोळे मिटून उभे केले असते, तर खरे कारण आधीच कळले असते. या दोन्ही परीक्षांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत.

१९८६ मध्ये अमेरिकेतील ॲन शमवे-कुक आणि फे होराक या संशोधिकांनी हीच युक्ती पुढे नेली. कठीण जमिनीबरोबरच जाड फोमच्या गादीवरही माणसाला उभे करावयाचे, म्हणजे पायांची बातमी संदिग्ध होते. डोळे मिटल्याने दृष्टी जाते. परंतु दृष्टीने खोटी बातमी द्यावी म्हणून त्यांनी जपानी कागदी कंदिलासारखा एक घुमट डोक्यावर बसवला. डोके हलले की घुमटही हलतो आणि डोळ्यांना सारे स्थिरच वाटते. जमिनीचे दोन आणि दृष्टीचे तीन असे सहा प्रकार होतात. गादीवर डोळे मिटून उभे असलेल्या माणसाला प्रामुख्याने अंतर्कर्णाचाच आधार उरतो. तेथेच जो कोसळू लागतो, त्याचे अंतर्कर्ण तपासावयास हवेत. पुढे संगणकाला जोडलेले हलते चौथरे आले, पण फोमच्या गादीचे महत्त्व कमी झाले नाही.

दोहोंपैकी कोणता कान बिघडला आहे, हे मात्र उभे करून खात्रीने कळत नाही. त्यासाठी डोळ्यांकडे पाहावे लागते, कारण अंतर्कर्णाचा धागा डोळ्यांच्या स्नायूंशी थेट जोडलेला असतो. हा धागा हाती लागला तो व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांच्या. कान धुताना पाणी थंड असले की रुग्ण चक्कर येते म्हणत, आणि फार गरम असले तरीही तेच म्हणत. परंतु दोन्ही वेळी डोळ्यांचे झटके परस्परविरुद्ध दिशेने जात. पाण्याच्या उष्णतेमुळे नलिकेतील द्रव वर चढतो आणि थंडाव्याने खाली उतरतो, हा उलगडा त्यांनी केला. १९१४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले, तेव्हा ते रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. १९१६ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना ते स्वीकारता आले. आजही रुग्णाला उताणे निजवून, डोके तीस अंश उचलून, शरीराच्या तापमानाहून सात अंश कमी आणि सात अंश जास्त, म्हणजे ३० आणि ४४ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी एकेका कानात सोडतात आणि नेत्रदोलाची नोंद घेतात. ही परीक्षा सुखाची नाही, पुष्कळांना मळमळते. पण प्रत्येक कानाला स्वतंत्रपणे बोलते करण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे.

कूस बदलताच घर फिरते अशी तक्रार असेल, तर पाण्याचीही गरज नसते. लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णिलेली कृती पुरते. रुग्णाचे डोके पंचेचाळीस अंश एका बाजूला वळवून त्याला झटकन मागे निजवावयाचे, डोके खाटेच्या कडेखाली किंचित लोंबते ठेवावयाचे आणि डोळे पाहावयाचे. काही सेकंद काहीच घडत नाही. मग डोळे गोल फिरल्यासारखे उडू लागतात आणि मिनिटभरात थांबतात. पिशवीतले चुन्याचे स्फटिक निसटून नलिकेत शिरल्याची ही खूण होय. डोके क्रमाक्रमाने वळवून ते स्फटिक पुन्हा पिशवीत परतवता येतात, आणि महिनोन्‌महिने गोळ्या घेणारा रुग्ण पुष्कळदा एक-दोन बैठकींत मोकळा होतो. मान दुखावलेली असल्यास मात्र ही कृती जपून, किंवा निराळ्या पद्धतीने, करावी लागते.

सर्वांत मोठी जोखीम असते ती अचानक सुरू होऊन तासन्‌तास न थांबणाऱ्या गरगरण्यात. ते कानाच्या तंतूच्या सुजेमुळे असेल, तर जीवाला धोका नसतो. मेंदूच्या मागील भागातला रक्तपुरवठा तुटल्यामुळे असेल, तर एकेक तास मोलाचा असतो. सिडनीचे मायकेल हलमागी आणि इयन कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये दाखवलेली परीक्षा येथे उपयोगी पडते. रुग्णाने परीक्षकाच्या नाकाकडे टक लावावी आणि परीक्षकाने त्याचे डोके एका बाजूस अगदी थोडे, पण झटक्याने वळवावे. अंतर्कर्ण चांगला असेल तर नजर नाकावर खिळलेली राहते. बिघडलेला असेल तर ती डोक्याबरोबर वाहवत जाते आणि मागाहून उडी मारून परत येते. येथे एक विरोधाभास आहे. सतत गरगरणाऱ्या रुग्णात ही परीक्षा निर्दोष आली, तर हायसे वाटून घेण्याऐवजी मेंदूतील विकाराचा संशय धरावा लागतो, कारण कान निर्दोष ठरला म्हणजे दोष अन्यत्र असणार.

मुलांच्या बाबतीत परीक्षकाला निराळीच वाट धरावी लागते, आणि या ठिकाणी म्हैसूरसारख्या संस्थेचे महत्त्व विशेष जाणवते. जन्मतः किंवा मस्तिष्कावरणाच्या दाहानंतर बहिऱ्या झालेल्या मुलांपैकी काहींचे तोलाचे इंद्रियही निकामी झालेले असते. अशी मुले मान उशिरा धरतात, उशिरा चालतात, आणि मग ‘वेंधळी’ म्हणून त्यांची संभावना होते. तीन वर्षांच्या मुलाच्या कानात गार पाणी सोडून त्याने स्वस्थ पडावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. तेव्हा कोल्बॅच आणि हलमागी यांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत कामी येते. कानात मोठा ध्वनी दिला असता अंतर्कर्णातील एका पिशवीमुळे मानेचा ताणलेला स्नायू क्षणार्धासाठी सैल पडतो. त्वचेवर चिकटवलेल्या विद्युदग्रांनी ते टिपता येते. मुलाने आईच्या मांडीवर बसून एका बाजूला खेळण्याकडे पाहिले, तरी पुरते. म्हैसूरच्या संस्थेतील पदव्युत्तर प्रबंधांत हा विषय वारंवार आढळतो. थोड्या मोठ्या मुलाला एका पायावर उभे करून पाहतात; साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलाला दहा सेकंद तसे उभे राहता येते. दोन्ही कानांचे तोलाचे इंद्रिय निकामी असलेल्या मुलाच्या पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते: विहिरीत, तळ्यात त्याला एकटे पोहू देऊ नये. गढूळ पाण्याखाली डोळे निरुपयोगी, पायांना जमीन नाही, आणि कान मुका. वर कोणती बाजू हेच त्याला कळत नाही.

वृद्धांच्या परीक्षेत कारणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व परिणामाला असते. हा माणूस पडेल काय, हा खरा प्रश्न; कारण उतारवयात खुब्याचे हाड मोडले की पुष्कळांचे हिंडणेफिरणे कायमचे संपते. १९९१ मध्ये कॅनडात रूढ केलेल्या एका परीक्षेला खुर्ची, तीन मीटर जागा आणि घड्याळ एवढेच लागते. उठावे, तीन मीटर चालावे, वळावे, परत येऊन बसावे. बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास सावध व्हावे, असे आज मानतात. कॅनडाच्याच कॅथरिन बर्ग यांच्या मापनात चौदा कृती आणि छप्पन्न गुण असतात. पक्षाघातातून सावरणाऱ्याची प्रगती त्यातून चांगली कळते, परंतु कानाच्या दोषाने त्रस्त झालेला तरुण त्यात जवळजवळ पूर्ण गुण मिळवून जातो आणि त्याची तक्रार खोटी वाटू लागते. माप उत्तम असले तरी ते कोणाला लावावयाचे हे आधी ठरवावे लागते. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये तर याहूनही साधी गोष्ट नोंदवली: चालताना कोणी बोलले असता उत्तर देण्यासाठी जे वृद्ध थांबतात, ते पुढे पडण्याचा संभव अधिक असतो. त्यांच्या मेंदूला चालणे आणि बोलणे ही दोन कामे एकाच वेळी पेलत नाहीत.

कंपवाताच्या रुग्णाची कसोटी आणखी वेगळी आहे. तो स्थिर उभा राहू शकतो, डोळे मिटूनही राहतो. पण धक्का बसला की सावरू शकत नाही. म्हणून परीक्षक त्याच्या मागे उभा राहून, आधी सूचना देऊन, खांदे झटक्याने मागे ओढतो आणि सावरण्यासाठी किती पावले पडतात ते मोजतो. एक-दोन पावले क्षम्य मानतात. ज्याचे पाऊलच उचलले जात नाही, तो सरळ परीक्षकाच्या हातांत येतो. म्हणून परीक्षक भिंतीला पाठ जवळ ठेवूनच उभा राहतो.

या बहुतेक परीक्षा खुर्चीवर बसणाऱ्या समाजात घडलेल्या आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. आपल्याकडील वृद्ध जेवायला, पूजेला, भाजी निवडायला जमिनीवर मांडी घालून बसतो, आणि हात टेकून उठताना, किंवा चामुंडी टेकडीच्या सुमारे हजार पायऱ्यांपैकी अखेरच्या काही उतरताना, त्याचा तोल जातो. खुर्चीतून बारा सेकंदांच्या आत उठून फिरून आलेल्या आजीबाईंना जाणता परीक्षक म्हणूनच आणखी एक विनंती करतो. तो सतरंजी अंथरतो, त्यांना खाली बसवतो, आणि हात पुढे न करता, पण हाताच्या अंतरावर उभा राहून, त्या कशा उठतात ते पाहतो.