सॉर्टच्या पोटातला यील्ड

आज शेड्यूलर लिहायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण एका वाचकाच्या पत्राने माझ्या सगळ्यात आवडत्या विषयाला हात घातला.

त्यांना मालाची यादी दरानुसार लावायची होती. टेबल.सॉर्टला दिलेल्या तुलनेच्या फंक्शनमध्ये ते सर्व्हरकडून दर मागवत होते आणि उत्तर येईपर्यंत बाकीची कोरूटीन्स चालावीत म्हणून तिथेच यील्ड करत होते. लुआने काम थांबवून सांगितलं: ‘अटेम्प्ट टू यील्ड अक्रॉस अ सी-कॉल बाउंडरी’. ते विचारतात, ‘कोरूटीन कुठेही थांबवता येतं असं तुम्हीच लिहिलं होतं ना?’

लिहिलं होतं, पण ते लुआच्या फंक्शनने लुआचंच फंक्शन बोलावलं तर खरं. तेव्हा सगळा हिशेब त्या कोरूटीनच्या स्वतःच्या स्टॅकवर असतो. तो आहे तसा ठेवायचा आणि दुसऱ्या कोरूटीनकडे वळायचं, एवढंच काम. सॉर्ट मात्र सी भाषेत लिहिलेलं आहे. ते तुमचं फंक्शन बोलावतं तेव्हा खाली सीचा स्टॅक असतो, आणि तो सगळ्या कोरूटीन्सना मिळून एकच. यादीचा कुठला तुकडा हातात आहे, त्याची खालची हद्द कोणती, वरची कोणती, हे सगळं त्यावर मांडलेलं. यील्ड तिथून थेट कोरूटीन चालू करणाऱ्या रिझ्यूमपाशी उडी मारतं, सीच्या लाँगजंपने. मधली पाटी पुसली जाते. पुढे कोरूटीन पुन्हा जागं झालं, तुमच्या फंक्शनने उत्तर काढलं, तरी ते द्यायचं कोणाला? सॉर्ट उरलेलंच नाही. म्हणून लुआ आधीच नकार देते.

२००३ साली लुआ ५.० मध्ये कोरूटीन्स आली तेव्हा ही भिंत चूक झेलणाऱ्या पीकॉल या फंक्शनलाही होती, आणि ५.१ मध्येही ती तशीच राहिली. म्हणजे चूक झेलायची सोय केलेल्या कोडमधून यील्ड करता येत नसे. नेटवर्कच्या कामात तर प्रत्येक विनंती पीकॉलमध्येच गुंडाळलेली! या एका अडचणीपायी माझ्या दोन रात्री गेल्या आणि मग कॉक्सपीकॉल ही छोटीशी लायब्ररी सापडली. तिची युक्ती मला आजही देखणी वाटते: फंक्शन नव्या कोरूटीनमध्ये चालवायचं, कारण रिझ्यूमसुद्धा पीकॉलसारखीच चूक झेलतं. म्हणजे सीच्या पीकॉलची गरजच संपली.

२०११ च्या ५.२ ने पीकॉलची भिंत पाडली. सी फंक्शनला आता आधीच सांगून ठेवता येतं: ‘मध्ये यील्ड झालं तर माझ्याकडे परत येऊ नका, त्या दुसऱ्या फंक्शनला बोलवा.’ बोलावणं आटोपल्यावर पीकॉलला फारसं काही करायचं नसतं, त्यामुळे त्याचं थोडक्यात भागलं. सॉर्ट स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतं. त्याला प्रत्येक पायरीच्या हद्दी वेगळ्या लिहून ठेवाव्या लागल्या असत्या. ते झालं नाही, ५.४ मध्येही नाही.

माइक पॉल यांनी ५.१ साठी कोको नावाचा पॅच केला होता. त्यात कोरूटीनला सीचाही स्वतंत्र स्टॅक मिळतो, मग सॉर्टच्या पोटातूनही यील्ड चालतं. पण त्यासाठी प्रोसेसरगणिक वेगळं कोड लागतं आणि दर कोरूटीनमागे जास्तीची मेमरी जाते. जिथे साधा सी कंपायलर आहे तिथे लुआ चालली पाहिजे, हा लुआ घडवणाऱ्या रिओच्या मंडळींचा आग्रह. मूळ भाषेत त्यांनी असलं काही घेतलं नाही, हे मला पटतं.

आता त्या वाचकांसाठी. क्विकसॉर्ट लुआतच लिहिलं तर वीसेक ओळींत होतं आणि त्यातून यील्ड बिनदिक्कत चालेल. तरीही ते करू नका. सॉर्ट एकाच वस्तूची तुलना अनेकदा करतं. मध्येच दर बदलला तर यादी चुकीची लागेल, आणि टेबल.सॉर्ट तर कधीकधी ‘इनव्हॅलिड ऑर्डर फंक्शन’ म्हणून थांबतं. सगळे दर आधी गोळा करा, तिथे हवं तेवढं यील्ड करा, आणि मगच यादी सॉर्टच्या हाती द्या.

शेड्यूलर पुढच्या आठवड्यात.