मंडळी आणि सभे : सीमाभागातील मिशनची फेरी

अव्वल इंग्रजीतील मराठी गद्याचा विचार करताना मिशनऱ्यांचे नाव येते ते बहुधा छापखाने, शाळा आणि भाषांतरे यांच्या संदर्भात. परंतु त्यांच्या कार्याचा मोठा भाग चार भिंतींच्या बाहेर, खेड्यांतील फेरीत होत असे. पावसाळा सरला, की उपदेशकाने गावोगाव जावे, चावडीपुढे वा बाजारात जमलेल्या लोकांशी बोलावे, आणि जेथे चार कुटुंबे ख्रिस्ती झाली असतील तेथे त्यांची उपासना चालवावी, असा तो क्रम. ह्या फेरीत बोलणारा कोण होता, हे लिहून ठेवलेले सापडते. ऐकणारा कोण होता, हे क्वचितच. वस्तुतः भाषेच्या दृष्टीने निर्णायक होता तो ऐकणाराच. बेळगाव–निपाणी भागाच्या उदाहरणावरून हे विशेष स्पष्ट होते.

लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावास आले ते बळ्ळारीहून. बळ्ळारी हे त्या सोसायटीच्या कानडी कार्याचे केंद्र होते. जॉन हँड्स यांनी कानडी बायबलाचे काम तेथेच केले. म्हणजे बेळगावचे मिशन दक्षिणेकडून, कानडीच्या वाटेने आले. उलट अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरास आले ते अहमदनगरहून, मराठीच्या वाटेने. निपाणी ह्या दोन केंद्रांच्या मधोमध. पुस्तक एका भाषेत छापलेले असते. ह्या भागातील खेडे मात्र एका भाषेत बोलत नाही. एकच मनुष्य घरी एक भाषा बोलतो व बाजारात दुसरी. तेव्हा पिशवीतील पुस्तक कोणतेही असो, तोंडातील भाषा समोरच्या माणसाला पाहूनच ठरवावी लागे.

ह्या व्यवहाराची खूण एका शब्दात उरली आहे. ग्रीक ‘एक्लेसिया’ ह्या शब्दासाठी मराठी बायबलात ‘मंडळी’ हा शब्द रूढ झाला, कानडीत ‘सभे’. दोन्ही शब्द आधीपासून लोकांच्या तोंडचे. दोन्हींत इमारत नाही, माणसे आहेत. ‘मंडळी’ ह्या शब्दात तर घरोब्याचाही भाव आहे. परक्या संस्थेला हा आपलेपणा भाषांतरकाराने नव्याने दिला नाही. तो ऐकणाऱ्यांच्या भाषेतच होता. पुढे अहमदनगरकडील ख्रिस्ती उपदेशकांनी प्रवचनाऐवजी कीर्तनाचा आश्रय केला आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग रचले, त्यामागेही हेच कारण दिसते. श्रोत्याच्या कानाला जे वळण होते, त्या वळणाने वक्त्याला जावे लागले.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. ह्याच लंडन सोसायटीचे रॉबर्ट मॉफट दक्षिण आफ्रिकेत कुरुमान येथे राहिले. त्स्वाना भाषा नीट अवगत व्हावी म्हणून त्यांना ठाणे सोडून त्या लोकांतच जाऊन राहावे लागले. १८५७ साली त्यांचे त्स्वाना बायबल पूर्ण झाले. शिकवावयास गेलेला प्रथम शिकून आला. मात्र इतिहासात शिकविणाऱ्या गावकऱ्यांची नावे सहसा राहिली नाहीत.

योगायोग असा, की त्याच १८५७ साली बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. बाबांचा जन्म १८३१ मधला, बेळगावचा. ते तेथील मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्माही बेळगावासच झाला. मराठीतील पहिली कादंबरी मानल्या गेलेल्या ह्या कृतीतही फेरीच आहे. परंतु तिची दिशा लक्षात घ्यावी. मिशनची फेरी मुख्यतः बोलण्यासाठी निघे. यमुना ठिकठिकाणच्या विधवांची कहाणी ऐकत जाते. पुस्तकाचा हेतू धर्मप्रसाराचा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही; तथापि आज ते वाचनीय वाटते ते त्यात ऐकू येणाऱ्या दुःखामुळे, उपदेशामुळे नव्हे.

फेरीवरचा उपदेशक दोन दिवसांनी पुढच्या गावी जाई. त्याचे ऐकून बाप्तिस्मा घेणारा मात्र त्याच गावात राही. सोयरीक, पाणवठा, पंगत यांचा प्रश्न त्याला नित्य सोडवावा लागे. पाहुण्याच्या वृत्तांतात त्याची एक ओळ होते. त्याचे सारे आयुष्य त्या ओळीपलीकडचे असते. पुढे १९०४ साली बेळगावचे कार्य अमेरिकन मेथॉडिस्टांकडे गेले. पाहुणे बदलले, मंडळी तीच राहिली.

म्हणून मिशनचे वृत्तांत भाषेच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे दोन प्रश्न ठेवावेत : हे कोणाशी बोलले गेले, आणि त्याने काय उत्तर दिले असेल? पहिल्याचे उत्तर पुष्कळदा मजकुरात दडलेले असते. दुसऱ्यासाठी वृत्तांत बाजूला ठेवून शब्दांकडे, कीर्तनाकडे आणि घराघरांतील आठवणींकडे वळावे लागते. सीमाभागातील ह्या आठवणी दोन्ही भाषांत आहेत. त्या टिपून घ्यावयाच्या तर दोन्ही भाषा ऐकण्याची तयारी हवी.