सलाईनचे थेंब कोणी मोजायचे?

पावसाळ्यात मेळघाटातून हगवणीची मुले धारणी, परतवाड्याहून अमरावतीला आणि अकोटमार्गे अकोल्याला आणली जातात. डोळे खोल गेलेले, हातपाय गार, नाडी लागत नाही. अशा वेळी वॉर्डातली सिस्टर सलाईनच्या आधी वजनकाट्याकडे धावते, तेव्हा नातेवाईक चिडतात. पण ती योग्य तेच करत असते.

दोन वर्षांच्या मुलाचे वजन वयावरून अंदाजे 12 किलो धरतात. कुपोषित मूल मात्र 7 किलोचेही असते. शुद्ध असलेल्या कुपोषित मुलाला ओआरएस तोंडानेच, थोडे थोडे द्यायचे असते. शिरेतून सलाईन फक्त शॉकमध्ये, तेही पहिल्या तासात किलोमागे 15 मिली. म्हणजे 7 किलोला 105 मिली. वयावरून हिशेब केला तर 180 मिली जातील. कुपोषणात हृदयाचा स्नायूही रोडावलेला असतो. जास्तीचे पाणी त्याला पुढे ढकलता येत नाही, ते फुप्फुसात साचते.

हिशेबाचा दुसरा खड्डा नळीत आहे. मुलांच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये 60 थेंबांचा 1 मिली होतो. त्यामुळे तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब : 105. मोठ्यांच्या नेहमीच्या सेटमध्ये बहुधा 20 थेंबांचाच 1 मिली होतो. तिथे 35 थेंब पुरतात. सेट मोठ्यांचा आणि थेंब 105, असे झाले तर तासाचे पाणी 20 मिनिटांत संपते. सेटच्या पाकिटावर हा आकडा छापलेला असतो, पण पाकीट सगळ्यात आधी कचऱ्यात जाते!

पंप असेल तर मोजणी सोपी होते, वजन मात्र त्यालाही सांगावेच लागते. पंप नसेल तर घड्याळ धरून 15 सेकंदांचे थेंब मोजायचे. 35 च्या वेगाला साधारण 9. मूल हलले, हात वाकला की वेग बदलतो, म्हणून दर दहा मिनिटांनी पुन्हा बघायचे. श्वास आणि नाडी दोन्ही वाढू लागले तर सलाईन थांबवून डॉक्टरांना बोलवायचे.

‘सिस्टर, जोरात सोडा नं, लेकरू सुकून गेलं,’ असे म्हणत नळीवरचे चाक स्वतःच फिरवणारे आजोबा वऱ्हाडातल्या प्रत्येक वॉर्डात भेटतात. त्यांना खाटेपासून दूर करण्यापेक्षा बाळाचा श्वास मोजायला बसवलेले बरे.