मावणे आणि पेलणे

धरणगाव परिसरात कापसाने शिगोशीग भरलेली पिकअप आपण नेहमी पाहतो. तिच्याच हौद्यात उन्हाळ्यात पाण्याची टाकी ठेवली, की हिशेब पालटतो. कापूस जागा फार अडवतो, वजन थोडे करतो. पाण्याचे मात्र लिटरला किलो वजन भरते.

गाडीच्या नोंदणीपुस्तकात दोन आकडे असतात : भारासह कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन. समजा, ते २,९०० व १,७०० किलो आहेत. फरक १,२०० किलो. त्यातून दोन माणसांचे १४० आणि टाकी व चौकटीचे ६० वजा जाता १,००० लिटरच पाणी नेता येते. दीड हजार लिटरांची टाकी हौद्यात मावेल, पण गाडीला पेलणार नाही. अमेरिकेत पिकअपवर राहण्याची खोली चढवतात. तिथेही हाच हिशेब.

भार कोठे बसतो, हेही पाहावे. बैलगाडी उलाळ झाली की काय होते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. टाकी मागच्या आसापलीकडे गेली, की पुढची चाके हलकी होतात आणि गाडी वळणावर ऐकत नाही. तेव्हा दोन खेपा कराव्या. पाणी उशिरा पोचेल, पण चालकासह पोचेल.