रायफलवर पहिल्यांदा स्कोप बसवताना

2010 ची विश्वविजेती नेमबाज तेजस्विनी सावंत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकचा कांस्यविजेता स्वप्नील कुसाळे, दोघंही कोल्हापूरचे. दोघांच्याही रायफलवर दुर्बीण (स्कोप) नव्हती, कारण ऑलिंपिक रायफल प्रकारांत ती चालतच नाही. स्कोप लागतो लांब पल्ल्याच्या नेमबाजीत, आणि तिथे निम्मं यश तो नीट बसवण्यातच आहे.

आधी चेंबर रिकामा आहे ना, ते डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. मग रिंगा ज्यावर बसतात तो बेस पक्का करा. स्कोप रिंगांत सैल ठेवून, मॅग्निफिकेशन पूर्ण वाढवून, दस्ता नेहमीसारखा खांद्याला लावा. काळ्या कडेशिवाय पूर्ण वर्तुळ दिसेल ती जागा खरी. डोळा आणि काच यांत साधारण 8-10 सेंमी अंतर हवंच, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. क्रॉसहेअरची उभी रेघ ओळंब्याशी जुळवा. तिरकी राहिली तर 100 मीटरला जाणवत नाही, 600 ला गोळी बाजूला जाते. स्क्रू आलटूनपालटून, टॉर्क रेंचनेच आवळा. झिरो, म्हणजे नेम आणि गोळी जुळवणं, 25 मीटरवर सुरू करा, मग 100. पाव एमओएचा (मिनिट ऑफ अँगल) एक क्लिक तिथे सुमारे 7 मिमी सरकवतो.

गोव्यातील पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूर-हणखण्याच्या मित्रांनो, रानात प्रयोग नकोत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. परवाना काढा, रेंजवरच शिका.