शहरात कामासाठी गेलात, जेवलात का?



आज आम्ही एका अगदी साध्या गोष्टीवर बोलणार आहोत. नांदेडला किंवा लातूरला कामासाठी गेल्यावर बाईनं दुपारी जेवायचं कुठं, काय, आणि किती रुपयांत? तुम्ही म्हणाल, हा काय रेडिओवर बोलायचा विषय आहे? पण मागच्या उन्हाळ्यात काय झालं ते आधी ऐका.

गटाच्या कर्जाच्या कागदांसाठी आम्ही पाच जणी नांदेडला गेलो होतो. पहाटे चारला उठून स्वयंपाक, पोरांचे डबे, गुरांचं पाणी, सगळं उरकून साडेसहाची एसटी धरली. पोटात फक्त चहा. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाता जाता दुपारचे तीन वाजले. परतीच्या वेळी बस स्टॅण्डवर आमच्यातल्या एकीला चक्कर आली आणि ती फलाटावरच बसली. तोंडावर पाणी मारलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. सगळे मिळून सातशे रुपये गेले.

नंतर तिची पिशवी आवरताना आम्ही पाहिलं. नातवासाठी केळी घेतलेली, लेकासाठी वडापाव बांधलेला, मालकांसाठी पावशेर फरसाण. पदराच्या गाठीला दोनशे तीस रुपये. म्हणजे पैसे होते, भूक होती, स्टॅण्डासमोर चार खाणावळी होत्या. तरी ती उपाशी होती. खरं सांगायचं तर आम्ही पाचही जणी उपाशीच होतो.

पुढच्या बैठकीत आम्ही बचतीच्या आधी हाच प्रश्न घेतला. का नाही जेवलो? एक म्हणाली, "खाणावळीत सगळे गडी बसलेले असतात, बाईमाणूस कसं जाणार?" दुसरी म्हणाली, "किती पैसे लावतील काय माहीत." तिसरी म्हणाली, "काय मागायचं तेच कळत नाही." चौथी म्हणाली, "पाणी प्यायलं की मग जायचं कुठं?" आणि एक आजी म्हणाल्या, "घरी भाकर ठेवून यायचं अन् शंभर रुपये हाटेलात घालायचे?" मैत्रिणींनो, ही पाचही कारणं खरी आहेत. म्हणून एकेकाचं उत्तर शोधू.

आधी ताट म्हणजे काय ते समजून घेऊ. हॉटेलात दोन तऱ्हा असतात. एका ठिकाणी मोठं कार्ड हातात देतात, त्यात भाजी वेगळी, रोटी वेगळी, भात वेगळा, दाल वेगळी. तिथली एक भाजी दोघी-तिघींना पुरेल एवढी असते आणि तिचे पैसेही तेवढेच असतात. एकट्या बाईनं असं सुटं सुटं मागवलं तर बिल फुगतं आणि अन्न उरतं. दुसरी तऱ्हा म्हणजे ठरलेलं ताट. कुणी त्याला थाळी म्हणतं, कुणी राईस प्लेट. दोन-तीन पोळ्या, एक रस्सा भाजी, एक सुकी भाजी, वरण, भात, पापड, लोणचं, कांदा. आपल्या भागात कुठं कुठं पोळीऐवजी भाकरी आणि सोबत ठेचाही मिळतो. सगळ्याचा मिळून एकच भाव.

हे ताट स्वस्त का पडतं? याचा हिशोब तुम्ही मनातल्या मनात करू शकता, कारण लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक आपणच करतो. रोज ठरलेल्या दोनच भाज्या करायच्या असल्या की भाजी बाजारातून पोत्यानं घेता येते. ज्या दिवशी वांगी स्वस्त त्या दिवशी वांगी, मेथी स्वस्त तेव्हा मेथी. एकाच मोठ्या पातेल्यात स्वयंपाक होतो, गॅस वाचतो. गिऱ्हाईक बसल्याबरोबर वाढायचं, वीस मिनिटांत जागा मोकळी. उरतं कमी, वाया जातं कमी. म्हणून स्वस्त ताट म्हणजे हलकं ताट असा समज करून घेऊ नका. उलट जिथं गर्दी जास्त, तिथं अन्न ताजं असण्याची शक्यता जास्त.

आता आत जाऊन बोलायचं काय? पाटीवर भाव लिहिलेला असेल तर पाहा. नसेल तर बसण्याआधी गल्ल्यावर विचारा, "दादा, साधं ताट कितीला? त्यात काय काय?" हा प्रश्न विचारण्यात कमीपणा काही नाही. दुसरा प्रश्न, "लिमिटेड की अनलिमिटेड?" लिमिटेड म्हणजे जेवढं वाढलं तेवढंच, वरून पोळी घेतली तर तिचे वेगळे पैसे. अनलिमिटेड म्हणजे पोटभर, पण त्याचा भाव जास्त असतो आणि एक ताट दोघींनी खाल्लेलं चालत नाही. तिसरी गोष्ट पाण्याची. टेबलावर बाटली आणून ठेवली तर ती फुकट नसते. बाटली नको असेल तर फोडण्याआधीच साधं पाणी मागा. बिलात पाच टक्के जीएसटी लावला असेल तर त्यावर त्या हॉटेलचा जीएसटी क्रमांक छापलेला आहे का ते पाहा. आणि चौथ्या मैत्रिणीचं उत्तर इथंच: बसण्याआधी संडास-मोरी आहे का तेही विचारून घ्या. जिथं जेवतो तिथं ती सोय मागायला लाजायचं कारण नाही. त्या भीतीनं दिवसभर पाणी न पिणं फार वाईट.

राहिला लाजेचा प्रश्न. इथं आम्हाला एक लांबची गोष्ट सांगावीशी वाटते. जपानमध्येही अशाच साध्या, स्वस्त खाणावळी जागोजागी आहेत. तिथल्या ताटाला तेइशोकु म्हणतात, म्हणजे ठरलेलं जेवण. एका तबकात वाटीभर भात, मिसोचं गरम सार, एक मासा किंवा दुसरा मुख्य पदार्थ आणि लोणचं. हे मिसो कशाचं, माहीत आहे? आंबवलेल्या सोयाबीनचं! आपल्या लातूरकडं शेतंच्या शेतं सोयाबीन पिकतं आणि आपण ते पोत्यात भरून आडतीवर पाठवतो. तिकडं ते रोजच्या ताटात असतं. पुष्कळ खाणावळींच्या दारात काचेमागं ताटांचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात, खाली भाव लिहिलेला. काही ठिकाणी दारातच यंत्र असतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची आणि बसायचं. वाचता आलं नाही, बोलता आलं नाही, तरी किती लागणार ते आधीच कळतं.

आता पुढचं ऐका. तिथं टोकियो शहरात १९५८ साली ओतोया नावाची एक खाणावळ निघाली. सुरुवातीला तिथला प्रत्येक पदार्थ ५० येनला मिळायचा. पुढं तिच्या शाखा वाढायला लागल्या तेव्हा चालवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की एकटी बाई रस्त्यावरून दिसेल अशा जागी बसून जेवायला संकोचते. मग त्यांनी जागा घेताना मुद्दाम तळघरातली किंवा वरच्या मजल्यावरची घ्यायला सुरुवात केली, म्हणजे बायकांनी निवांत यावं. हे वाचून आम्हाला आश्चर्य वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. म्हणजे हा संकोच काही खेड्यातल्या अडाणी बाईचाच नाही. आणि जागा नीट केली की तो कमी होतो.

आपल्याकडं पाहा, कितीतरी खाणावळींवर पाटी असते, "फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय". आम्हाला वाटायचं, सोबत गडीमाणूस असेल तरच तिथं बसायचं. तसं काही नाही. पाच जणी मिळून गेलो तरी ती फॅमिलीच की. एकटी असाल तरी विचारा, बसू देतात.

आणखी एक विचार करा. नांदेडला गेल्यावर सचखंड गुरुद्वाऱ्यात आपण लंगरला बसतो. तिथं ताट हातात घेऊन ओळीत बसताना कुणाला लाज वाटते का? कोण कुठली, कोणत्या जातीची, कुणासोबत आली, काही विचारत नाहीत. शेजारी अनोळखी माणूस बसलेला असतो, आपण जेवून उठतो. मग तीच आपण पैसे देऊन खाणावळीत बसायला का घाबरायचं?

आणि खाणावळ ही बायकांना परकी जागा नाहीच. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या हजारो कामगारांना दोन वेळचं जेवण कुणी घातलं? खाणावळवाल्या बायांनी. एका खोलीत चूल मांडून वीस-वीस माणसांचा स्वयंपाक करायच्या आणि किराण्यासाठी सावकाराचं व्याज भरायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज लातूरला शिकवणीच्या मुलांच्या मेस चालतात, डबे जातात, त्यांतही कितीतरी बायांचेच हात आहेत. ताट बाईनं रांधलेलं, पण त्या ताटावर बसायची वेळ आली की बाईच मागं सरते. घरातही तसंच. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते आपलं. पूर्ण ताट, त्यात भाजी, वरण, भात, सगळं एकदम वाढलेलं, असं आपल्यापुढं शेवटचं कधी आलं होतं? आठवून पाहा.

यात आमच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. एका जेवणानं रक्त वाढत नाही, हे खरं. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून गोळ्या घ्याव्या लागतात. पण आधीच रक्त कमी असलेल्या बाईनं दहा-बारा तास चहावर काढले तर ती फलाटावर बसणारच.

आता पैशाचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. समजा जायला १६० रुपये लागायचे, तिथं आता ८० लागतात. जाऊन येऊन १६० रुपये वाचले. त्यातून एक साधं ताट निघतं, वरून चहाही. हे पैसे नातवाच्या खाऊला वापरा, पण आधी स्वतःचं ताट.

याहून कमी खर्चात जेवायचं असेल तर शिवभोजन केंद्र कुठं आहे ते विचारा. ही योजना राज्य सरकारनं २६ जानेवारी २०२० ला सुरू केली. दहा रुपयांत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. केंद्र चालवणाऱ्याला बाकीचे पैसे सरकार अनुदान म्हणून देतं. कोरोनाच्या काळात हेच ताट आधी पाच रुपयांना आणि पुढं काही महिने फुकट दिलं गेलं. तिथं तुमचं नाव विचारतील, मोबाईलवर फोटो काढतील. घाबरू नका, तो ताटांच्या हिशोबासाठी असतो. फक्त दुपारच्या ठरलेल्या वेळेतच मिळतं आणि ताटांची संख्या ठरलेली असते, म्हणून लवकर जा. बऱ्याच ठिकाणी ही केंद्रं बचत गटाच्या बायाच चालवतात. अनुदान वेळेवर येत नाही अशी तक्रार अनेक केंद्रचालकांनी केली आहे. म्हणून कुठला गट असं केंद्र किंवा खाणावळ काढायच्या विचारात असेल तर दोन-तीन महिन्यांचा किराणा हातात असल्याशिवाय उडी घेऊ नका.

आमच्या बैठकीत शेवटी ठराव झाला. गटाच्या कामासाठी जी जाईल तिला तिकिटासोबत एका साध्या ताटाचे पैसे गटाच्या खर्चातून मिळतील, पावती आणायची आणि रजिस्टरात नोंद करायची. त्या आजींनी विरोध केला. "गटाचा पैसा पोटात घालायचा का?" त्यावर चक्कर आलेली बाई उठून म्हणाली, "आज्जी, माझे सातशे रुपये सलाईनमधी गेले. त्यात सात बाया जेवल्या असत्या." आजी गप्प बसल्या, पण सही करताना म्हणाल्या, "मी काय जेवणार नाही, मला उपवास असतोय."

पुढच्या महिन्यात आजींचीच पाळी आली. बँकेत अंगठा द्यायला त्या आमच्यासोबत लातूरला आल्या. काम अर्धवट राहिलं, साहेब जेवायला गेले होते. आम्ही म्हणालो, "चला, साहेब जेवतात, आपणही जेवू." आजी दारात थबकल्या. भाव विचारला, संडास विचारला, कोपऱ्यातलं टेबल घेतलं. ताटं आली. आजींनी डोक्यावरचा पदर नीट केला, इकडं तिकडं पाहिलं. कुणीच बघत नव्हतं, जो तो आपल्या जेवणात होता. मग त्यांनी पोळी मोडली. अर्धं ताट झाल्यावर वाढप्याला हाक मारली, "ए लेकरा, वरण आण रे आणखी. चांगलंय, पर मीठ कमी हाय, तुझ्या आचाऱ्याला सांग."

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी तालुक्याला, जिल्ह्याला जाल तेव्हा कागदांची पिशवी भरताना जेवणाचे पैसे वेगळे बांधून घ्या. आणि तुमच्या गटात हा ठराव मांडून पाहा. कोण काय म्हणालं, ते आम्हाला जरूर कळवा.